एक्कावन्न निरुपयोगी झुडपं

आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही, हे हौशीराम मास्तरांच्या सहसा लक्षात येत नसे. त्यामुळे एकोणीसशे सहा सालच्या श्रावणात पुण्याच्या कचेरीतून जुन्नरच्या मराठी शाळेत एक छापील परिपत्रक आलं, तेव्हा हेडमास्तरांनी ते वाचून संपवायच्या आत दुय्यम शिक्षक हौशीराम उभे राहिले होते. डोंगराळ मुलखात आपोआप उगवणाऱ्या फुलझुडपांचे नमुने वाळवून, त्यांची स्थानिक नावं आणि उपयोग लिहून जे शिक्षक पाठवतील, त्यांतल्या पसंत पडलेल्यांची नावं सरकारी पुस्तकात छापली जातील, असा त्या परिपत्रकाचा मजकूर होता.

छापील नाव! जुन्नरात तोवर छापून आलेलं नाव म्हणजे पंचांगाच्या पहिल्या पानावरचं, नाहीतर औषधाच्या बाटलीवरचं. मास्तरांनी दिवेलागणीपर्यंत ही बातमी या वेशीपासून त्या वेशीपर्यंत पोचवली, आणि तीही अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, पुस्तक छापून झालंय, शाई वाळायची तेवढी राहिलीय.

"तुम्ही झुडपं ओळखणार?" त्यांची बायको तुकाबाई म्हणाली. "परवा कोथिंबीर आणायला सांगितली तर शेपू घेऊन आलात."

"ती भाजी झाली. मी झुडपांविषयी बोलतोय."

शेजारपाजारच्यांचे सल्ले सुरू झाले. एकानं डोंगरात जळवा फार म्हणून पायांना तंबाखूचं पाणी लावायला सांगितलं. दुसऱ्यानं आधी ओझरच्या विघ्नहराला नारळ वाढवायला सांगितला. पलीकडच्या बायडाबाईंनी विचारलं, की इतक्या लांब भीमाशंकराकडे जायचं कारण काय, शिवनेरीच्या पायथ्याशी काय कमी झुडपं माजलीत? शिवनेरीच्या पायथ्याची झुडपं कुणीही ओळखतं, असं मास्तरांनी त्यांना ऐकवलं. मग बायडाबाईंनी समोरच्या कुंपणातल्या एका झुडपाचं नाव विचारलं, तेव्हा मास्तरांना शाळेला उशीर होऊ लागला.

खरी अडचण परवानगीची होती. मास्तरांनी पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज केला. वरून उत्तर आलं, की हे सरकारी काम असल्यामुळे याला रजा म्हणता येत नाही, सबब रजा नामंजूर. मास्तरांनी लिहिलं, मग कामावर पाठवा. उत्तर आलं, की कामावर पाठवण्यास हरकत नाही, मात्र आपण कोणकोणती अपरिचित झुडपं शोधणार, त्यांची नावानिशी यादी आगाऊ जोडावी. मास्तरांनी तीन दिवस विचार करून जास्वंद, कण्हेर, मोगरा अशी बारा नावं लिहून पाठवली. कचेरीचं समाधान झालं आणि दसऱ्याच्या तोंडावर परवानगी आली.

आता कागद. नमुने दाबून वाळवायला कागद लागतो, आणि कागदाच्या बाबतीत जुन्नरच्या माणसाला कुणी शिकवू नये. कागदीपुऱ्यातले महंमद हनीफ हे पिढीजात कागद करणारे. गिरणीच्या कागदानं धंदा बसत आला होता, तरी त्यांच्या घरी लगद्याच्या चार टाक्या अजून भरलेल्या असत. मास्तरांनी त्यांच्याकडे सगळ्यात भारी, दगडानं घोटून घोटून आरशासारखा केलेला कागद मागितला.

"मास्तरसाहेब, हा कागद लिहायसाठी," हनीफ म्हणाले. "याला खळ लावलीय, वर घोटलाय. हा पाणी पीत नाही. तुम्हाला पाला सुकवायचाय ना? मग कच्चा कागद न्या, बिनखळीचा. दिसायला खडबडीत आहे, पण सगळं ओलं ओढून घेतो."

"सरकारात खडबडीत कागद पाठवू मी?"

हनीफांनी दाढीवरून हात फिरवला आणि घोटलेला कागद बांधून दिला. भारी माणसाला भारी कागद विकताना वाद घालू नये, हे त्यांना धंद्यानं शिकवलं होतं. तरी जाताना त्यांनी एक जुडी कच्च्या कागदाची खाली सरकवून ठेवली. मास्तरांना तळेघरला पोचल्यावरही बरेच दिवस ते ठाऊक नव्हतं.

जुन्नर ते घोडेगाव बैलगाडीनं, आणि तिथून पुढं घाट चढून तळेघर, असे दोन दिवस मोडले. तळेघरला उतरायची सोय सरुबाईच्या घरी झाली. सरुबाई साठीची, बारीक चणीची विधवा. घरात मुलगा, सून, चार शेळ्या, दोन गाई. तिचे आजे-पणजे मेंढरं घेऊन फिरायचे, आता खाचरात भात आणि उतारावर नाचणी. शेजारीच तिचा दीर सोमाजी राहायचा. या डोंगरातली झुडपं या दोघांना ठाऊक नसतील तर कुणालाच नाहीत, असं घोडेगावात मास्तरांना सांगितलं गेलं होतं.

मास्तरांनी पहिल्याच संध्याकाळी ओट्यावर परिपत्रक उघडून वाचून दाखवलं. गाव जमलं होतं. 'सरकार', 'नमुने', 'नोंद' हे शब्द आले तशी माणसं एकमेकांकडे बघू लागली. खेडवळ लोकांवर छापील अक्षराचा दाब पडतो, असा त्याचा अर्थ मास्तरांनी घेतला.

दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात झाली. उताराच्या उतार जांभळ्या फुलांनी भरला होता. मास्तर हरखले.

"सरुबाई, याला काय म्हणतात?"

सरुबाईनं सोमाजीकडे पाहिलं. सोमाजीनं आभाळाकडे पाहिलं.

"ह्याला व्हय? ह्याला फुकटी म्हंत्यात."

"उपयोग काय?"

"कशाचा उपेग आन् काय. निस्ती माजतीया. गुरं तोंड लावत न्हाईत."

मास्तरांनी लिहिलं: नाव फुकटी, उपयोग काही नाही. मग पुढचं झुडूप. त्याचं नाव रडकी, हात लावला की डोळ्याला धार लागते. त्याच्या पुढचं म्हातारीचं मन, जवळ झोपलं तर माणूस हिंडायला लागतो. एका पांढऱ्या फुलाच्या झुडपाशी सरुबाई बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "ह्याला उगाच म्हंत्यात." मास्तरांनी तेही लिहून घेतलं: उगाच. डोंगरातल्या माणसांची कल्पनाशक्ती किती ताजी असते, यावर त्यांनी तुकाबाईला एक सविस्तर पत्र लिहिलं.

मास्तर काही भोळे नव्हते, निदान त्यांना तसं वाटत नव्हतं. खातरजमा केल्याशिवाय सरकारात काही पाठवायचं नाही, म्हणून सकाळी सरुबाईनं सांगितलेलं नाव ते दुपारी सोमाजीला एकट्याला गाठून विचारत. सोमाजी तेच नाव सांगे. मग गावातल्या आणखी कुणाला विचारत. तोही तेच सांगे. एकदाच घोटाळा झाला. सरुबाईनं ज्याला माकडझोड म्हटलं होतं, त्याला सोमाजी आंधळी म्हणाला. मास्तरांनी त्याला कोंडीत पकडलं. सोमाजीनं तंबाखू चोळली, गालात धरली आणि शांतपणे म्हणाला, "बायका माकडझोड म्हंत्यात राव. गडी मानसं आंधळी म्हंत्यात." मास्तरांनी दोन्ही नावं लिहिली आणि पुढे कंसात 'स्त्रियांत' आणि 'पुरुषांत' अशी टीप दिली. ती टीप त्यांना इतकी आवडली की त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त जेवले.

तरी एका गोष्टीनं त्यांना दोन रात्री झोप लागली नाही. ही माकडझोड हुबेहूब अडुळशासारखी दिसत होती. मास्तरांना जगात नक्की ओळखता येणारी झाडं तीन: वड, तुळस आणि अडुळसा. त्यातला अडुळसा तर त्यांच्याच परसात होता.

"सरुबाई, हा अडुळसा आहे."

"तुमच्याकडं आसंल तो अडुळसा," सरुबाई म्हणाली. "ह्यो निस्ता त्याच्यावानी दिसतोय. पान हुंगून बगा. तुमच्या अडुळशाला आसा वास हाय?"

मास्तरांनी पान हुंगलं. परसातल्या अडुळशाला आपण कधीच हुंगलं नव्हतं, हे त्यांना त्या क्षणी आठवलं. पण ते कबूल कसं करणार? "नाही," ते ठामपणे म्हणाले, "आमच्याकडे हा वास नाही." आणि माकडझोड कायम झाली.

इतक्यात सहा दिवसांचे सगळे नमुने बुरसले. घोटलेल्या कागदानं ओलाव्याचा थेंबही घेतला नाही, सगळा पाला आतल्या आत कुजून काळा पडला, आणि जुडी उघडली तेव्हा सरुबाईच्या गाईसुद्धा गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. मास्तर डोकं धरून बसले. मग जुडीच्या तळाशी कच्चा कागद सापडला. हनीफांनी फसवून दिलेला तो खडबडीत कागद पाहून आधी ते रागावले, आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी रडकीच्या खात्यात मांडलं.

पुन्हा पहिल्यापासून सगळे उतार पालथे घातले. वर पावसाची पिरपिर सुरूच. सगळं अंग भिजायचं, वाळायचं, पुन्हा भिजायचं. नव्या नमुन्यांचे कागद चुलीवरच्या माळ्यावर छान वाळत होते, पण मास्तरांना खोकला धरला. साधासुधा नव्हे. त्यांच्या खोकल्यानं शेळ्या दचकत आणि सोमाजी आपल्या घरातून "बरं हाय का राव?" म्हणून ओरडे. एक्कावन्नावा नमुना पुरा झाला त्या दिवशी तर त्यांना उठून बसवेना.

सकाळी सरुबाईनं त्यांच्यापुढं पितळी धरली. आत गरम, कडू, हिरवट पाणी. मास्तरांनी डोळे मिटून प्यायलं. दुपारी परत, संध्याकाळी परत. तिसऱ्या दिवशी छाती मोकळी झाली आणि मास्तर हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेले. तिथं काढ्याचं भांडं पालथं पडलं होतं आणि शेजारी उकळून गाळलेली पानं.

मास्तरांनी एक पान उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. ती माकडझोड होती. स्त्रियांत माकडझोड, पुरुषांत आंधळी.

ते तसेच आत आले. चुलीवर कसली तरी निळसर फुलांची भाजी परतली जात होती. गेले बारा दिवस मास्तर ती मागून मागून खात होते. त्यांनी पातेल्यात वाकून पाहिलं. म्हातारीचं मन. सून पाळण्यातल्या बाळाच्या पोटासाठी पिळदार शेंग सहाणेवर उगाळत होती. ही शेंग जुन्नरच्या बाजारात ढिगानं मिळते, मुरुडशेंग. तिच्या देठाशी एक सुकलेलं तांबडं फूल अजून लोंबत होतं, आणि त्या फुलाचा नमुना क्रमांक दोन रडकी म्हणून माळ्यावर वाळत होता. मास्तरांनी भिंतीला हात टेकला. भिंतीचं शेण-माती लिंपलेलं एक ढलपं निखळलं आणि आतला कुड दिसला, सरळ सरळ काठ्यांचा. कारवीचा. आणि काठ्यांच्या टोकाला वाळलेली जांभळी फुलं होती.

ते ज्या भिंतीला टेकले होते, जे खात होते, जे पिऊन बरे झाले होते, ते सगळं त्यांच्या वहीत 'उपयोग काही नाही' म्हणून नोंदलेलं होतं.

"सरुबाई!" मास्तर गरजले. छाती मोकळी झाल्यामुळे आवाज चांगला निघाला. "पंधरा दिवस मला मूर्ख बनवलंत? शाळामास्तराला? हे माझं नाव सरकारी पुस्तकात छापायचंय!"

सरुबाईनं भाजी खाली उतरवली. पळी बाजूला ठेवली.

"मास्तर, दोन सालामागं असाच एक टोपीवाला आला व्हता. तुमच्यावानीच गोड बोलला. हिरडा कशाला लागतो, कुटं लई येतो, समदं इचारलं. आमी हौसेनं सांगितलं, त्यानं वहीत लिवलं. पुढल्या साली हिरडा येचाया गेलो तर शिपाई उबा. म्हनला, चिठ्ठी आना. आमच्या डोंगरात आमाला चिठ्ठी. आता तुमी आला, परत वही घिऊन. तुमी वाईट न्हाई, आमाला ठावं हाय. पर तुमची वही कुनाच्या हातात जायाची, ते तुमाला तरी ठावं हाय का?"

"मग मला औषध का दिलंत?"

"आता मानूस खोकून खोकून मरतंय, त्याला नाव सांगू नगं म्हनून औषद बी देऊ नगं व्हय?" सरुबाई वैतागून म्हणाली. "गावानं देवळात बसून नावं ठरवली व्हती. खोकल्याचं काय ठरलं न्हवतं."

मास्तरांना राग आला होता, खूप आला होता. पण काढा देऊन वाचवणाऱ्या बाईवर किती रागवायचं, याचा काही नियम त्यांच्या शाळेत नव्हता. ते ओट्यावर जाऊन बसले. रात्री त्यांनी म्हातारीचं मन दोनदा मागून घेतलं.

कचेरीच्या परवानगीत लिहिल्याप्रमाणे नमुने आधी घोडेगावच्या बंगल्यावर दाखवायचे होते. पुण्याहून आलेला साहेब तिथं मुक्कामाला होता. मास्तर निघाले, जुड्या डोक्यावर घेऊन सोमाजी निघाला, आणि 'बाजाराला जायचंच हाय' असं म्हणत सरुबाईही निघाली. बाजार दुसऱ्या दिवशी होता. मास्तरांच्या मनात दोन रकाने आखलेले होते. एकात जुन्नर होतं, हनीफ, बायडाबाई, हेडमास्तर आणि छापलेलं नाव. दुसऱ्यात सरुबाईचा कुड.

साहेब तरुण होता, उन्हानं लाल झालेला, आणि परीक्षा देऊन शिकलेलं मराठी बोलत होता. त्यानं पहिला कागद उघडला आणि खूश झाला.

"उत्तम! फार उत्तम वाळविले आहे. हा कागद कोणता?"

"जुन्नरचा आहे, साहेब," मास्तर अभिमानानं म्हणाले. "मी मुद्दाम कच्चा मागवला."

"तुम्ही हुशार मनुष्य आहात. पहा, माझे पुस्तक लोकोपयोगी झुडपांचे आहे. ज्या झुडपास उपयोग आहे, तेच त्यात छापायचे, आणि खाली आणणाऱ्याचे नाव. मग त्या त्या ठिकाणी सरकार योग्य ती देखरेख ठेवील." त्यानं पान उलटलं. "ही जांभळी. हिचा उपयोग काय?"

बंगल्याच्या पायरीशी सरुबाई उभी होती. तिनं डोळे मिटले होते. सोमाजीनं तंबाखू काढली होती, पण चोळायला विसरला होता.

मास्तरांना आपलं नाव दिसलं. छापलेलं, ठळक, खाली रेघ मारलेलं. 'हौशीराम' एवढी सुबक अक्षरं त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी घसा साफ केला. खोकल्याचा मागमूस नव्हता.

"काही नाही, साहेब," ते म्हणाले. "नुसती माजते. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत."

"आणि ही?"

"हात लावला की डोळ्याला धार लागते."

"आणि ही? ही भाजीसारखी दिसते."

"जवळ झोपलं तर माणूस हिंडायला लागतो, साहेब."

साहेबानं हात पटकन मागं घेतला. बाविसाव्या कागदाशी मात्र तो अडला. वाकून पाहिलं, भिंग लावलं. "हे काय? हा तर अडुळसा! मी ओळखतो. हे औषध आहे!"

पायरीशी सरुबाईनं पदर तोंडाला लावला. मास्तर मात्र जराही डगमगले नाहीत. न डगमगणं हीच तर त्यांची उभ्या आयुष्यातली कमाई होती.

"तुमच्या बागेत असेल तो अडुळसा, साहेब. हा नुसता त्याच्यासारखा दिसतो. वास घेऊन पाहा. तुमच्या अडुळशाला असा वास आहे?"

साहेबानं वाळलेलं पान नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. तो मास्तरांकडे बघत होता आणि मास्तर एखाद्या गाढ्या पंडितासारखे त्याच्याकडे बघत होते. "नाही," साहेब शेवटी म्हणाला, "असा वास नाही." वड, तुळस आणि अडुळसा एवढंच जाणणारा आणखी एक माणूस जगात आहे, हे पाहून मास्तरांना त्याच्याविषयी एकदम माया वाटली.

एक्कावन्न वेळा मास्तरांनी सांगितलं, काही उपयोग नाही. शेवटच्या दहा वेळा तर त्यांना ते म्हणताना मजा येऊ लागली. साहेबानं वही मिटली आणि दु:खी चेहऱ्यानं त्यांच्याशी हात मिळवला.

पंधरवड्यानं शाळेत शेरा आला. हेडमास्तरांनी तो, सोबत परत आलेल्या नावांच्या यादीसकट, सगळ्यांसमोर वाचला: 'सदरहू शिक्षकाने फार मेहनत घेऊन जिल्ह्यातील केवळ निरुपयोगी झुडपेच एकत्र केली आहेत. अशी अचूक निवड अन्य कोणाकडून झाली नाही. नमुने छापण्यास अयोग्य.' जुन्नरभर हसू फुटलं. बायडाबाईंनी कुंपणापलीकडून विचारलं, की पुस्तक कधी निघतंय. शाळेतली पोरं मागून 'उगाच' म्हणून ओरडून पळायची. मास्तरांच्या जिभेच्या टोकावर खरी हकीकत रोज येई आणि रोज परत जाई. एवढ्या बढाईखोर माणसाला गप्प बसणं किती जड जातं, ते फक्त तुकाबाईला कळत होतं, कारण झोपेत ते तिला सगळं सांगत. तिनं कुणाला सांगितलं नाही. हनीफांनी एवढंच विचारलं, "कागद कामी आला ना?" मास्तर म्हणाले, "कागदानं लाज राखली."

मग पौषातल्या एका बाजाराच्या दिवशी सरुबाई तूप घेऊन जुन्नरात आली आणि विचारत विचारत मास्तरांच्या दारात उभी राहिली. शेजारपाजारचे सगळे बाहेर आले. तिच्या हातात पिवळ्याधमक फुलांची एक फांदी होती.

"मास्तर, ह्ये वळखा."

मास्तरांनी फांदी सगळ्या बाजूंनी न्याहाळली. सगळी गल्ली बघत होती. आणि आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत, ते म्हणाले, "नाही ओळखत."

"कसं वळखाल? ह्याला नावच न्हवतं. लई वर, कड्यावर येतंय. गावानं देवळात बसून आता नाव ठेवलं." तिनं फांदी त्यांच्या हातात दिली. "मास्तर."

"काय?"

"आवो, मास्तर! ह्येच नाव. झुडपाचं."

मास्तरांनी फांदी धरली, सोडली, परत धरली. शेवटी शिक्षकाची सवय सुटेना म्हणून विचारलं, "आणि... उपयोग?"

"काई न्हाई," सरुबाई मनापासून हसली. "पर कड्यावर उबं ऱ्हातंय. तितनं खालची माती सरकत न्हाई."

"नाव अगदी बरोबर ठेवलंय," तुकाबाई दारातून म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत चहा ठेवायला आत गेली.

त्या दुपारी मास्तरांनी कच्च्या कागदाचा शिल्लक ताव काढला, पिवळी फांदी त्यावर नीट पसरली आणि बोरूनं लिहिलं: नमुना बावन्न. नाव: मास्तर. उपयोग: काही नाही. त्या संबंध संग्रहात खरी म्हणता येईल अशी नोंद ही एवढीच झाली.